वर्गातील सम्यक वाचा

जून महिन्यात शाळा उघडते. आईचे बोट धरून आलेले सहा वर्षांचे लेकरू पहिलीच्या वर्गाच्या दारात येऊन थबकते. पाठीवर नवे दप्तर, डोळ्यांत पाणी. आई माघारी वळते आणि त्या लेकराच्या कानावर बाईंचे किंवा गुरुजींचे पहिले वाक्य पडते. ते वाक्य ‘ये बाळ, इथे बस माझ्याजवळ’ असे असू शकते, किंवा ‘रडतोस कशाला? गप बस तिथे!’ असेही असू शकते. दोन्ही वाक्यांत सांगितले आहे ते एकच, बसायला. परंतु ज्याला ऐकायचे आहे त्याच्यासाठी ती दोन वेगळी जगे आहेत. एका जगात आपण हवे आहोत, दुसऱ्या जगात आपण अडचण आहोत.

आपल्या समाजात शिक्षणाचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांच्या संदेशात पहिला शब्द शिक्षणाचा आहे. आपल्या सभांतून आणि स्मरणिकांतून आपण गुणवंतांचे सत्कार करतो, पदव्या व पदे यांची नोंद घेतो, आणि ते योग्यच आहे. पण दहावी-बारावीच्या गुणांची चर्चा करताना त्या गुणांचा पाया जिथे घातला जातो त्या बालवाडीकडे आणि पहिली-दुसरीच्या वर्गाकडे आपले लक्ष कमी जाते. शाळेत नाव घातले, वह्या-पुस्तके घेऊन दिली, शिकवणी लावली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. वर्गात आपल्या मुलाशी कोणत्या आवाजात बोलले जाते, हे आपण क्वचितच विचारतो. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कान आधी, अक्षर नंतर

लहान मूल शब्दांचा अर्थ समजण्याच्या कितीतरी आधी आवाज समजू लागते. नवजात अर्भक आपल्या आईचा आवाज दुसऱ्या स्त्रीच्या आवाजापासून वेगळा ओळखते, हे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाने दाखवून दिले. आपल्या आज्यांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. पाळण्यातल्या बाळाला अंगाईचे शब्द कळत नाहीत, पण स्वर कळतो आणि ते झोपी जाते. घरात मोठी माणसे भांडू लागली की रांगणारे मूल खेळणे टाकून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागते. पाच-सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते हाच तयार कान घेऊन. ‘शाब्बास’ हा शब्द कौतुकाने म्हटला आहे की उपहासाने, हे त्याला बरोबर कळते.

दरडावलेल्या आवाजाने मुलाच्या शरीरात काय घडते? छातीत धडधड होते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो. संकटाच्या वेळी शरीर स्वतःच्या रक्षणाची तयारी करते, तीच ही क्रिया. अशा वेळी मन अभ्यासावरून उडून त्या संकटावर खिळते. ज्या तात्पुरत्या स्मृतीत आपण हिशेब करताना आकडे धरून ठेवतो, ती नेमकी या क्षणी दगा देते. फळ्यासमोर उभे राहून सत्तावीस आणि अठरा यांची बेरीज करणाऱ्या मुलाला हातचा एक मनात धरून ठेवावा लागतो. त्याच क्षणी मागून ‘लवकर! एवढंही येत नाही?’ असा आवाज आला की तो हातचा निसटतो, उत्तर चुकते, आणि त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो. गणित त्याला घरी येत होते.

आणि हा आवाज एकटे ते मूलच ऐकत नाही. सारा वर्ग ऐकतो. बाई ज्याला ‘ढ’ म्हणतात त्याला मधल्या सुट्टीत मुलेही ‘ढ’ म्हणतात. त्याच्याशेजारी बसायला, त्याला खेळात घ्यायला मुले नाखूश असतात. शिक्षकाने रागाच्या भरात उच्चारलेला एक शब्द वर्गातल्या मुलाचे टोपणनाव होऊन बसतो. उलट, वर्गात सर्वांना दुर्बल वाटणाऱ्या मुलाला बाईंनी आपल्या टेबलावरचा खडू आणायला सांगितला, त्याच्या चित्राकडे दोन क्षण थांबून पाहिले, की मुलांची नजरही बदलते. लहान मुले शिक्षकाच्या डोळ्यांनी एकमेकांकडे पाहतात.

‘पानी’ आणि ‘पाणी’

आपल्या महाराष्ट्रातील वर्गात रोज घडणारे एक उदाहरण घेऊ. पहिलीतला मुलगा उठून म्हणतो, ‘बाई, पानी प्याला जाऊ?’ बाई म्हणतात, ‘पानी नाही, पाणी! नीट बोलता येत नाही का?’ वर्ग हसतो. मूल खाली बसते. पुष्कळदा ते तहानलेलेच राहते.

आता विचार करा. ‘पानी’ हा शब्द त्याने कोठून आणला? आईकडून, आजीकडून, वस्तीतून. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात घराघरांतील बोली वेगवेगळ्या आहेत. त्या बोलींतूनच ते मूल बोलायला शिकले, रडले, हसले. त्याच्या शब्दाला वर्ग हसला म्हणजे त्याच्या आईला हसला, असे त्याला वाटते, जरी ते त्याला सांगता येत नसले तरी. दोन-तीन वेळा असे झाले की मूल एक साधा मार्ग शोधते. ते बोलणेच सोडून देते. मग पालकसभेत बाई सांगतात, ‘मुलगा शांत आहे, पण भाग घेत नाही.’

प्रमाण मराठी शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. आपल्या मुलांना पुढे परीक्षा द्यायच्या आहेत, मुलाखती द्यायच्या आहेत, त्यांना ती भाषा उत्तम आलीच पाहिजे. प्रश्न आहे रीतीचा. त्याच प्रसंगी दुसऱ्या एखाद्या बाई म्हणतात, ‘हो, पाणी पिऊन ये. आणि येताना खिडकी लाव.’ मुलाला पाणी मिळते, शुद्ध शब्दही कानावर पडतो, आणि कोणीही हसत नाही. मूल बोलत राहते, आणि जे मूल बोलत राहते त्याची भाषा सुधारते. गप्प झालेल्या मुलाची भाषा कशी सुधारणार? या उदाहरणात दोन्ही बाईंनी एकच चूक सुधारली आहे. फरक फक्त मुलाची मान ताठ राहिली की खाली गेली, एवढाच आहे.

चूक कामाची

शिक्षकाने चूक दाखवू नये का? अवश्य दाखवावी. चूक न दाखवणारा शिक्षक मुलाचे नुकसानच करतो. परंतु ‘ही बेरीज पुन्हा करून बघ, हातचा विसरलास’ हे एक बोलणे आणि ‘तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत’ हे दुसरे बोलणे. पहिल्या बोलण्यात चूक वहीवर राहते आणि ती कशी सुधारावी हेही कळते. दुसऱ्या बोलण्यात चूक मुलाच्या अंगाला चिकटते. डोक्यातच बटाटे असतील तर प्रयत्न कशाला करायचा, असा धडा ते मूल घेते.

कौतुकाचेही तसेच आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक या संशोधिकांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले गेले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड उदाहरणांत अपयश आले तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली, मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने झगडली. आपल्या घरांतही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या आलेल्या मुलाला आपण ‘हुशार’ म्हणतो आणि भावंडाला नकळत दुसरा शिक्का देतो.

आणखी एक गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली. त्यांना आढळले की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः उत्तर देतात. हाच अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे मोठी झाली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मागे पडलेली समजली जाणारी मुलेही चर्चेत आली. केवळ दोन सेकंदांचे मौन! ज्या मुलाला प्रश्न आधी घरच्या बोलीत समजून घ्यावा लागतो आणि मग उत्तर पुस्तकी भाषेत जुळवावे लागते, त्याला हे दोन सेकंद किती मोलाचे असतील याची कल्पना करावी. शिक्षकाच्या बोलण्याप्रमाणेच त्याचे थांबणेही मुलाला काही सांगत असते. ‘तुझ्याकडे उत्तर आहे, मी वाट पाहतो’ असे ते सांगत असते.

‘सवलतीची मुले उभी राहा’

माझ्या प्राथमिक शाळेतील एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्गात तास चालू असताना हातात यादी घेऊन कोणीतरी येई आणि दारातूनच म्हणे, ‘सवलतीची मुले उभी राहा.’ आम्ही सहा-सात जण उभे राहत असू. जे मिळायचे ते आमच्या हक्काचे होते, सरकारने विचारपूर्वक दिलेले होते. यादी आणणाऱ्याच्या मनात दुष्टावाही नसेल. पण त्या आवाजात जी घाई आणि जो कंटाळा असे, त्यामुळे आपण काही मागायला उभे राहिलो आहोत असे वाटे. चाळीस मुलांच्या नजरा वळत. खाली बसल्यावर पुढचा धडा डोक्यात शिरत नसे. तेव्हा मला वाटे, हा माझाच कमकुवतपणा.

तो माझा एकट्याचा अनुभव नव्हता, हे पुढे वाचनातून कळले. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जेव्हा कोणाची जात पुकारली गेली नाही, तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जेव्हा नावांबरोबर जातीही सर्वांसमक्ष पुकारल्या गेल्या, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. मुलांची कुवत तीच होती आणि कागदही तसेच होते. मध्ये फक्त एक पुकारा झाला होता.

शिक्षकाच्या अपेक्षेविषयीचा एक जुना प्रयोगही प्रसिद्ध आहे. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे सांगितले. खरे पाहता ती नावे कोणत्याही गुणवत्तेवर नव्हे, सहज निवडलेली होती. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार पहिली-दुसरीतील अशा मुलांनी वर्षअखेर बुद्धिमापनात इतरांपेक्षा अधिक प्रगती दाखविली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत अपेक्षेचा परिणाम त्यामानाने लहान दिसून आला, हेही सांगितले पाहिजे. पण परिणाम लहान असला तरी तो कोणाच्या वाट्याला येतो, हा आपला प्रश्न आहे. ज्या मुलाकडून काहीच अपेक्षा केली जात नाही, त्याच्या वाट्याला तो वर्षानुवर्षे उलट्या दिशेने येत राहतो.

बाबासाहेबांच्या शाळेतील दोन आवाज

दि. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस ‘विद्यार्थी दिन’ म्हणून जाहीर केला. त्या शाळेतील अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली.

पण त्याच शालेय जीवनात दुसरे आवाजही होते. साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर आडनावाचे शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत. ती आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर कृतज्ञतेने जपली. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपुलकीने चौकशी केली. केळुसकर गुरुजी त्यांच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. तरी त्यांनी पुस्तके पुरविली, वाचनाला दिशा दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकापासून १९५६ सालच्या नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतचा मार्ग आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या मार्गाच्या आरंभी एका शिक्षकाने बागेत एका मुलाला आपलेपणाने हाक मारली होती.

यावरून कोणी असे म्हणू नये की अपमानातूनच बाबासाहेब घडले, तेव्हा आजच्या मुलांनीही सोसावे. बाबासाहेब अपमानामुळे मोठे झाले नाहीत, अपमान असूनही मोठे झाले. त्याच गोणपाटावर बसलेली कितीतरी मुले शाळा सोडून गेली. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

तथागतांची शिकविण्याची रीत

आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. ती जणू भिक्षूंसाठी किंवा मोठ्यांच्या व्यवहारासाठी आहे असे आपण समजतो. परंतु तथागतांनी एका लहान मुलाला कसे शिकविले, हे मज्झिम निकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात पाहावयास मिळते. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. विषय होता खोटे न बोलण्याचा. तथागतांनी त्याला धाक घातला नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, हे पाणी दिसते का? मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलटून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे जीवन असे होते हे समजावून दिले. शेवटी आरसा कशासाठी असतो असे विचारले. पाहण्यासाठी, असे मुलाने सांगितल्यावर, तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावी, हे सांगितले. समोर वस्तू, मग प्रश्न, मग मुलाचे उत्तर, आणि त्या उत्तराला जोडून उपदेश! आजचे बालशिक्षणतज्ज्ञ याहून वेगळे काय सांगतात?

चूलपंथकाची कथाही आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकली असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावानेच त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला दारातून परत आणले, एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ते चोळत मळ दूर होण्याविषयीचा एकच शब्द म्हणत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यतेचा बोध झाला. भावाने त्याचे पाठांतर पाहिले होते, तथागतांनी त्याला कोणत्या वाटेने समजेल हे पाहिले.

अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत. ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली असते. ही पाच लक्षणे प्रत्येक शिक्षक-खोलीत लावून ठेवावीत इतकी वर्गाला लागू आहेत. मूल रडत असताना चूक सांगणे सत्य असेल, पण वेळ योग्य नाही. सर्वांसमक्ष सांगणे सत्य असेल, पण हितकारक नाही.

शिस्तीचे काय?

येथे कोणी विचारील, मग शिक्षकाने सदा गोडच बोलावे काय? याचे उत्तरही तथागतांनीच दिले आहे. अभय राजकुमार त्यांना विचारावयास आला होता की तथागत कधी अप्रिय वचन बोलतात काय. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. या मुलाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील, असे तथागतांनी विचारले. राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला या मुलाची दया आहे. तेव्हा तथागतांनी सांगितले की जे सत्य आहे, हिताचे आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून तेही बोलतात. म्हणजे कठोर शब्दालाही जागा आहे. पण तो मुलाच्या घशातला खडा काढण्यासाठी असावा, आपला राग काढण्यासाठी नसावा.

शिक्षकांच्या अडचणी आपण विसरू नयेत. मोठा पट, निरनिराळ्या कामांचा बोजा, गोंगाट, बसलेला घसा, हे सारे खरे आहे. परंतु ओरडण्याने शांतता टिकत नाही, याचा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे. शिक्षकाचा आवाज चढला की वर्गाचाही चढतो. आवाज खाली आणला, ठेक्यात टाळ्या वाजवल्या, गडबड करणाऱ्याच्या जवळ जाऊन उभे राहिले, ‘पळू नका’ ऐवजी ‘हळू चाला’ असे काय करायचे ते सांगितले, तर काम लवकर होते.

आता तर कायदाही स्पष्ट आहे. २००९ सालचा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. कलम २९ मध्ये मूल भीतीपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, अशी अपेक्षा नमूद आहे.

आणि ही काही परदेशातून आणलेली कल्पना नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी अंगणात शाळा भरविली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. मुलांना दोष देण्याऐवजी शाळेने आपली चाल बदलली. आज गावोगावी असलेल्या अंगणवाडीचा शब्द आणि विचार त्या कामातून आला आहे.

आपण काय करावे?

१) पालकांनी शाळेतून आलेल्या मुलाला ‘किती मार्क?’ याआधी ‘आज वर्गात काय बोललास?’ असे विचारावे. काहीच बोललो नाही, असे उत्तर रोज येत असेल तर ते गंभीर समजावे.

२) मूल एकाएकी शाळेला जायला नकार देऊ लागले, सकाळी पोट दुखू लागले, तर धाक न घालता जवळ घेऊन विचारावे. शिक्षकांना भेटावे. तक्रारीच्या सुरात न बोलता ‘बाई, हा घरी खूप बोलतो, वर्गात बोलत नाही, काय करू या?’ असे विचारले तर पुष्कळ शिक्षक आनंदाने साथ देतात. मात्र अपमान किंवा मारहाण चालूच राहिली, तर मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी मांडण्यास संकोच करू नये.

३) आपल्या विहारात व अभ्यासिकेत लहान मुलांचे वर्ग घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलांसाठी तुम्हीच दादा आणि ताई आहात. शाळेत तुम्हाला जे शब्द बोचले ते येथे उच्चारू नका. मुलाला नावाने हाक मारा. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. चूक जवळ जाऊन हळू आवाजात सांगा, कौतुक सर्वांसमक्ष करा.

४) घरात आपण स्वतः कसे बोलतो तेही तपासावे. शिक्षकाने म्हटलेला ‘मठ्ठ’ हा शब्द आपल्याला खुपतो आणि तोच शब्द आपण गृहपाठ घेताना सहज वापरतो.

मी बँकेत लिपिक आहे. खिडकीसमोर रोज माणसे येतात. त्यांत चांगले शिकलेले, नोकरी केलेले लोकही असतात. पैसे काढण्याची स्लिप हाती घेऊन ते हळूच म्हणतात, ‘साहेब, तुम्हीच भरून द्या, माझं चुकेल.’ त्यांना लिहिता येते. सही तर सुंदर असते. मी म्हणतो, ‘काका, तुम्हीच लिहा, चुकलं तर दुसरी स्लिप आहे.’ मग ते लिहितात, आणि बहुधा काहीच चुकत नाही. पन्नाशी-साठीच्या त्या माणसाच्या कानात कोणत्या वर्गातला कोणता आवाज अजून बसला आहे, हे मला ठाऊक नाही. पण तो आवाज आहे, एवढे निश्चित.

आपल्या मुलांच्या कानात असा आवाज राहू नये. त्यांच्या कानात ‘पुन्हा करून बघ, तुला येईल’ हा आवाज राहावा. त्यासाठी पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, फक्त बोलण्याआधी क्षणभर थांबावे लागते. शाळेत, विहारात आणि घरात आपण एवढे करू शकलो, तर पंचशीलाबरोबर उच्चारलेली सम्यक वाचा आपल्या लेकरांच्या जीवनात उतरली असे म्हणता येईल.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!